ठिपका

माझं काम सोपं आहे. जिथे पैसे मिळतात
तिथे उभं राहायचं, बटण दाबायचं;
नैरोबीत नवव्या मजल्यावर
एक हिरवा ठिपका उगवतो.
ठिपक्याभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ.
वर्तुळात जे जे राहतात
ते सगळे पोचलेले.

कालाचाला पोचायला मला दोन दिवस लागले.
मार्साबिटपासून पुढे बकऱ्यांची लॉरी, परतीची, रिकामी,
वास तेवढा भरलेला.
मग चल्बीचं वाळवंट: पांढरं, सपाट,
मुलाने थुंकी लावून पुसलेल्या पाटीसारखं.
ड्रायव्हर म्हणाला, पाऊस झाला की याचा रेंदा होतो,
मग ती पलीकडची वस्ती चंद्रावर.
मी टॅबलेटमध्ये पाहिलं. पलीकडची वस्ती
चार पूर्णांक दोन किलोमीटर.
वर्तुळाच्या आत.

तालासोचं दुकान पत्र्याचं.
साखर, चहापत्ती, सेल, तंबाखू,
आणि सुतळीने खिळ्याला बांधलेला फोन.
"दाबलंस बटण? म्हणजे आता मी आहे?"
मी मान हलवली.
तिने गल्ला ओढून दाखवला:
दोनशे शिलिंग, एक किल्ली, बाभळीच्या डिंकाचा खडा.
"फोनमध्ये एकेचाळीस हजार आहेत.
नोटा गुरुवारी येतात.
लॉरी आली तर."

बाहेर रांग नव्हती,
सावली सरकेल तशी सरकणारी माणसं होती.
त्यांत कबाले, म्हातारी.
तिचा मुलगा दोहात कुणाच्या फाटकावर उभा असतो.
त्याचे पैसे समुद्र ओलांडून
शिंक यायच्या आत आले होते.
फोनपासून तिच्या ओंजळीपर्यंतचं
दीड हात अंतर
चार दिवस झाले, कापलं जात नव्हतं.

मी बिनकामाचा बसलोय असं पाहून
तिने माझ्याकडून कर्जाचा अर्जही भरून घेतला.
चाक फिरलं. माहिती अपुरी.
तालासोने तिला तिच्या भाषेत सांगितलं:
हा म्हणतो, हा तुला ओळखत नाही.
कबाले हसली, बोळक्या तोंडाने, बराच वेळ.
मग बोटं मोडत सांगू लागली
कुठली उंटीण कुणाची लेक, तिची आई कुठली,
कुठल्या दुष्काळात दुभती उंटीण
कुठल्या घरी दूध प्यायला दिली,
तिचं तिसरं पिल्लू अजून कुणाच्या कळपात चरतंय
आणि ते कोणाचं, हे दोघांनाही कसं ठाऊक आहे.
अकरा घरं झाली. बोटं संपली,
तिने माझी घेतली.
पडद्यावर एक रकाना होता: पत.
त्यात शून्य, नीट मधोमध.

संध्याकाळी टॉवरचं डिझेल संपलं.
एकेचाळीस हजारही गेले, निदान दिसेनासे झाले.
तालासो काही बोलली नाही.
शाळेच्या वहीतलं कोरं पान उघडून लिहिलं:
कबाले, साखर दोन किलो.
पेन्सिल कानामागे ठेवली.
मला म्हणाली, शंभरामागे मला सुटे उरतात,
बाकीचं तू आलास त्या वाटेने उलटं जातं,
मार्साबिट, नैरोबी, आणि त्याच्याही पुढे,
जिथे पाऊस पडला तरी रस्ता रस्ताच राहतो.
"तिथल्या लोकांना सांग, इथे चहा मिळतो."
चहा खारट होता. दोन कप प्यालो.
पैसे द्यायला फोन काढला, आणि तशीच जीभ चावली.
तिने वहीत माझंही नाव लिहिलं. मुत्वीरी, चहा दोन.

नवव्या मजल्यावर मुसेम्बीसाहेबांनी
दोन बोटांनी नकाशा लहान केला.
लहान केला की उत्तरेकडचं सगळं हिरवं दिसतं.
"छान भरलंय," ते म्हणाले.
त्या हिरव्यात दोनशे शिलिंग आहेत,
एक किल्ली आहे, आणि माझी उधारी;
हे सांगायला रकाना नव्हता.
शेवटी 'शेरा' म्हणून एक असतो,
त्यात वीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं: गुरुवारी, लॉरी आली तर.

कुठल्या गुरुवारी,
कोणी विचारलं नाही.