सळया

दाभोळची जेटी सोडून फेरीबोट धोपाव्याकडे वळली
की माझ्या गच्चीतल्या सळया दिसतात. बारा.
एकीला जैबूननं जुनी चप्पल बांधलीय,
नजर नको लागायला, म्हणे.
गंजाला कोणाची नजर लागते!

पेत्रितच्या घरावर कापडी अस्वल होतं.
कापूस बाहेर आलेला, गळ्यात तार,
अर्ध्या मजल्यावर लटकवलेलं.
पाकिटातला फोटो काढून दाखवला त्यानं
पेरामाच्या गोदीत, आमचं जहाज अडकलं होतं तेव्हा.
मालक पळालेला, पगार नाही,
सात महिने नुसती डाळ.
हा तिथला वेल्डर. अल्बेनियाच्या डोंगरातला.
दिवसभर पत्रे कापायचा,
सांजेला एक पाव काखेत मारून शिडी चढायचा.
पैसे देऊ केले तर रागवायचा.

ओळखपत्रावर त्याचं नाव पेत्रोस.
ग्रीक नाव असलं की काम पटकन मिळतं, म्हणाला.
खोलीतले चौघेही तसेच,
दिवसा एक नाव, रात्री पत्त्यांच्या डावात दुसरं.
मी हसलो नाही.
दोह्यात कफिलानं मला दोन वर्षं
'ए हिंदी' अशीच हाक मारलेली.

परदेशी कमवायला जाणं, त्याला ते 'कुर्बेत' म्हणतात.
मी म्हटलं, आमच्यात 'गुरबत'. म्हणजे गरिबी.
तो थोडा वेळ गप्प.
मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, एकच की रे.

अजून एक खोड त्याची:
हो म्हणायचं तर मान आडवी हलवायचा.
मीठ हवं का विचारलं की आडवी मान,
मी डबा मागे घ्यायचो.
महिनाभर बिचारा अळणी जेवला.

परवा नातवानं फोनवर शोधून काढला त्याला.
केस पांढरे. खिडकीबाहेर तीच गोदी.
मुलगी जर्मनीत, मुलगा बोस्टनला.
माझे कुवेत आणि नैरोबी.
घर झालं का पुरं, मी विचारलं,
आणि फोन फिरवून माझ्या सळया दाखवल्या.
हसलो दोघं, खोकला येईस्तोवर.
मग विचारलं, गावी परतणार का?

त्यानं मान हलवली. आडवी.
जैबून मागून म्हणाली, नाही म्हणतोय गं बाई.
मी काही बोललो नाही.
तीस वर्षं तिकडे काढल्यावर
मान कुठल्या देशाची उरते, कोणास ठाऊक.

खाडीवरून वारा सुटलेला.
चप्पल हलत होती सळईवर,
तीही आडवीच.