सोळावा विद्यार्थी

शनिवार, साडेपाच, राजेंद्रनगर,
वाचनालयामागची खोली.
पंधरा मुलं, एक उसना प्रोजेक्टर,
त्याचा दिवा इतका पिवळा
की पडद्यावरची गाय हळद लावून आल्यासारखी दिसते.

घरी मराठीत हाक येते, मुलं हिंदीत ओ देतात.
मला हसायचा अधिकार नाही.
मीही म्हणते, 'थांबा, मी येऊन राहिली आहे,'
आणि फोनवर पुण्याची नणंद
ते वाक्य स्पीकर लावून घरभर ऐकवते.

अडतं ते ळपाशी.
'जीभ मागे वळवा.'
'वलवली,' ओजस किबे म्हणतो.
तक्ते झाले, आरसा झाला, लिमलेटच्या गोळ्यांची लाचही झाली.
गोल्या संपल्या.

मग एकदा फोनच टेबलावर ठेवला.
म्हटलं, हा आपला सोळावा विद्यार्थी,
आपण बोलायचं, त्यानं शुद्धलेखन लिहायचं.
मी म्हटलं बाळ. त्यानं लिहिलं बाल.
मी म्हटलं काळ. त्यानं लिहिलं काल.
'ताई, यालाही येत नाही!'
असा आनंद मी वर्गात कधी पाहिला नव्हता.
चुकणारं कुणी सोबतीला मिळालं की
बाकावर जागा आपोआप होते.

पण इरानं सेटिंग उघडलं, भाषा बदलली.
आता ओजस म्हणाला फल, फोननं लिहिलं फळ.
कमल म्हटलं, कमळ उमटलं.
टाळ्या. मीही वाजवल्या.
रात्री भांडी विसळताना उमगलं,
हा तर गणेशोत्सवातला परीक्षक,
आडनाव बघून मार्क देणारा.
मूल काय म्हणालं ते ऐकलंच नाही त्यानं,
काय म्हणायला हवं होतं ते लिहून मोकळा.

पुढच्या शनिवारी प्रोजेक्टर बंद. टायपिंग बंद.
फक्त रेकॉर्डर, साधा,
ज्याला काही समजत नाही
आणि म्हणून जो काही सावरून घेत नाही.
कपाटामागे जाऊन एकेकानं आपला आवाज ऐकायचा,
मग अर्ध्या वेगानं.
अर्ध्या वेगानं सगळेच आजारी वाटतात.
मृण्मयी म्हणाली, 'ही मी नाहीच,'
आणि पुन्हा ऐकायला गेली.

दाराशी रामकन्या उभी होती.
बद्रीलाल चौकीदाराची मुलगी, देपालपूरकडची,
वायफायसाठी पायरीवर बसून गणितं सोडवते.
'कई करी रिया हो?'
मी फोन तिच्यापुढे धरला. बोल काहीतरी.
ती लाजली, पायरीकडे बघितलं, मग एका दमात,
'आज म्हारे घरे दाळ-बाफला.'

दाळ.
पुन्हा लावलं. दाळ.
अर्ध्या वेगानं तर तो ळ
पाटावर लाटी उलटावी तसा उलटला.
अकरा वेळा ऐकलं आम्ही.
'ताई, ही मराठी?'
'नाही रे, माळवी.'
'मालवी.'
'माळवी.'
'माड़वी.'
'जवळ आलास.'
तो जवळसुद्धा म्हणून बघत होता, ओठातल्या ओठात.

आता दर शुक्रवारी बद्रीलालच्या नंबरवरून
एक शब्द ग्रुपवर येतो.
काळो. फळ. एकदा नुसतंच खोकणं आणि हसू.
पाठोपाठ पंधरा घरांतून उत्तरं,
मागे कुकरच्या शिट्ट्या, क्रिकेट,
कुणाचा बाबा हळूच तालीम करताना पकडला गेलेला.

फोनला अजून ळ येत नाही.
म्हणजे लिहिता येतो, ऐकू येत नाही.
त्याला नापास केलेलं नाही, मागच्या बाकावर आहे.

आज नऊ वाजता ओजसचा आवाज आला,
तीन सेकंदांचा.
ऐकते,
आधी डाळीखालचा गॅस बंद करून येते.