ढगाचं भाडं

मंगळवारी दोन ते चार
वाचनालयात मी लोकांच्या अडलेल्या यंत्रांपाशी बसतो.
सिस्को हाउताला आली
टोपीवरचा बर्फ दारातच झटकून,
पिशवीत तीन हार्ड डिस्क,
त्यातली एक कण्हणारी.

आत एकतीस हिवाळ्यांचं तळं.
उर्हो रात्र रात्र गोठल्या पाण्यात माइक सोडून बसायचा,
बर्फ तडकतो तो आवाज धरायला.
एक पूर्णांक चार टेराबाइट तडे.
"माणूस ढगात गेला," ती म्हणाली,
"आता त्याचं तळंही पाठवते. कुठला ढग परवडेल?"

मी पाठकोऱ्या कागदावर रकाने आखले.
दोन टेराबाइट, महिना दहा युरो:
तिसरा हिस्सा ओस, भाडं मात्र अख्ख्या घराचं.
दुसरीकडे एकदाच पैसे, मग आयुष्यभर.
"कुणाच्या आयुष्यभर?"
मी बारीक अक्षरं वाचली. कंपनीच्या.
एक होता, ठेवणं जवळजवळ फुकट,
परत मागितलं की मोजून पैसे.
"म्हणजे आठवण आली की दंड," ती म्हणाली,
आणि तो रकाना तिनंच खोडला.
शेवटच्याची किल्ली फक्त तिच्याकडे राहणार,
ती विसरली तर त्यांनाही कुलूप उघडणार नाही.
इथं ती बराच वेळ थांबली.
गेल्या आठवड्यात बहिणीचं नाव
तिला दुपारपर्यंत सापडलं नव्हतं.

"आणि पैसे थांबले तर?"
साठ दिवस वाट बघतात. मग पुसतात.
"तळं मेपर्यंत थांबतं," ती म्हणाली. भांडली नाही.

"पण असतं कुठं हे?"
मी शोधलं. पहिल्याचं एक कोठार नदीपलीकडे,
बंद पडलेल्या कागदगिरणीत.
जिथं बावीस वर्षं तिनं रिमं मोजली होती,
बोटांना कागद कापत.
यंत्रांची ऊब आता पाइपांतून गावभर फिरते.
तिनं हातमोजा काढला,
खिडकीखालच्या रेडिएटरवर तळवा टेकला.
"म्हणजे हे कुणाच्या तरी लग्नाचे फोटो."

दहा युरोवालाच घेतला. स्वस्त नव्हता.
कण्हणारी डिस्क टाकायला तयार नव्हती,
लोकरीच्या मोज्यात घालून परत नेली.

रात्री साडेदहाला फोन:
"चार टक्के गेलं.
स्वयंपाकघर जरा गरम झाल्यासारखं वाटतंय."
थर्मोस्टॅट रोजच्या एकवीसवरच असणार,
हे मी बोललो नाही.