बोटांना लागतील इतपत

टेप पुरला नाही.
मिरजकर टेलरनं दुसरा टेप टाचणीनं जोडला,
शेवंताच्या छातीभोवती फिरवला
आणि चष्म्यावरनं बघत म्हणाला, चौऱ्याहत्तर.
एवढ्या मापाचं पोलकं अजून शिवलं नाही बघ मी.
गल्ली हसली.
अब्बाही हसले, जरा अभिमानानंच.

नवरदेव हल्ली मोटारीच्या छतातून डोकं काढून येतात.
शेवंता उत्तरेश्वर पेठेत भिंतीला टेकून उभी,
खात.
मार्केट यार्डातनं परतणाऱ्या हमालाचा गुळाचा खडा,
उसाचं वाडं, कुणाच्या बारशाच्या घुगऱ्या,
धोंडीराम गवळ्याच्या म्हशींची पेंड.
बंडा वस्ताद तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारून म्हणायचे,
"ह्येला म्हणायचं तब्येत!"

डॉक्टरबाईंनी थाप मारली नाही.
मानेवरची चरबी मुठीत धरून पाहिली,
हलेना, कच्च्या फणसासारखी.
मग खाली बसून खुरांना तळवा लावला,
तवा तापला का बघावं तसा.
"ऊन लागतायत," म्हणाल्या. "अजून वेळ आहे. फार नाही."

त्यांनी माझाच हात हातात घेतला.
तळव्यावर बोट फिरवून म्हणाल्या, ही आत्ताची शेवंता, हाड कुठं आहे सापडत नाही.
हात पालथा केला, ही आपल्याला हवी.
मग मूठ वळायला लावली, उंचवटे दाखवले,
आणि ही कधीच नको.
मागं उभे अब्बा
स्वतःच्या मुठीकडं बघत होते.

वाडं बंद, गूळ बंद.
पण उपाशी ठेवायचं नाही, एकदम तोडलं तर रक्त बिघडतं.
गवत तोलून द्यायचं, आधी तासभर पाण्यात बुडवून.
ते पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं.
गटारीत ओतलं की मुंग्या यायच्या,
तेव्हा कळलं, नुसत्या गवतातही केवढी साखर असते.
पंधरा दिवस मऊ मातीत नुसती उभी.
खुरं गार झाल्यावर चाल,
आधी गंगावेशीपर्यंत, मग रंकाळ्याच्या टॉवरपर्यंत,
मग संध्यामठ उजाडताना दिसेल तिथवर.
दुधाच्या कट्ट्यापाशी ती थांबायचीच.
धोंडीराम तोंड फिरवून म्हैस पिळायचा,
जसा काही आम्हाला ओळखतच नाही.

महिना झाला. टेप चौऱ्याहत्तरवरनं
त्र्याहत्तरवर आला आणि तिथंच बसला.
मी गवत पुन्हा तोललं, तराजूवरच संशय घेतला.
मग एका पहाटे
खुंटीवरच्या अब्बांच्या सदऱ्याकडं मुंग्यांची रांग चाललेली,
सरळ खिशात.

काही बोलले नाहीत. चहा निवला.
मग म्हणाले, "पवन्या आठवतो तुला? टांग्याचा?
तुला कुठला आठवणार.
भवानी मंडपापास्नं स्टेशन, दिवसाला वीस खेपा,
आणि वैरणीचं पैसं मी रिक्षाच्या परमिटसाठी साठवत हुतो.
रस्त्याच्या पल्याडनं त्याच्या बरगड्या मोजता यायच्या, पोरी.
लोक मोजायचेबी."

मी सदरा झटकला. उन्हात टाकला.
दुसऱ्या दिवशी पहाटे लगाम त्यांच्या हातात दिला.
गुडघे दुखतात म्हणाले, तरी गेले.

गणपती उठून गेले, दसरा गेला.
काल मिरजकरचा टेप अडुसष्टावर.
अब्बांनी तिच्या कुशीवर हात ठेवला,
डोळे मिटून बोटं सरकवत नेली,
एक, दोन, तीन.
एकदम थबकले. घाबरले असावेत.
मग डोळे उघडून नीट पाहिलं,
अंगावर नुसती तकाकी, कुठं काही वर आलेलं नाही.
"दिसत न्हाईत," म्हणाले.
परत चाचपलं. "लागत्यात फकस्त."

आज कट्ट्यापाशी शेवंता थांबली, नेहमीसारखी.
धोंडीरामनं दोन्ही हात रिकामे दाखवले.
तिनं ते हुंगले, एक, मग दुसरा,
अब्बांचा खिसाही हुंगला,
आणि बराच वेळ
कुणालाच घाई नव्हती.