कटकट

उणे एकवीस.
डुलूथच्या कालव्याच्या कठड्याशी आम्ही पाच जण,
नाकपुड्यांतले केस गोठून काटे झालेले.
हंगामातलं शेवटचं जहाज यायचंय,
आणि आम्ही बोलतोय कॅमेऱ्याबद्दल.
म्हणजे शिव्या देतोय.

कंपनीने ऑक्टोबरात नवं मॉडेल काढलं
आणि उजव्या खांद्यावरचं चाकच उडवलं.
तिथे आता गुळगुळीत काच.
तिला बोट लागतं. उघडं. गरम.
मार्लिस टोलेफसन म्हणते, हे ज्याने आखलं
त्याला एकदा इथे आणून उभा करा,
जानेवारीत, पहाटे, हातमोजे काढून.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय तिने,
तिचा शाप साधा असतो, आणि लागतो.

चार वर्षं थांबलो होतो.
मागितलं काय? थंडीत तग धरणारी बॅटरी,
कार्डाला दुसरी खाच,
बाकी कशाला हात लावू नका, पाया पडतो.
मिळालं काय? पक्ष्याचा डोळा ओळखणारी अक्कल,
जी घुबडाला मोटार समजते,
आणि एकच यंत्र तीन नावांनी.
एकच वरण तीन वाट्यांत वाढायचं
आणि म्हणायचं, बसा, आज पंगत आहे.

मी पत्र लिहिलं, दोन पानी.
उत्तर आलं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
हॉस्पिटलात रक्त तपासतो मी,
कुठल्या नमुन्यात काहीच नाही
ते मला लगेच कळतं.

आर्वो लाहटिनेन मात्र गप्प.
आर्वोला हल्ली मधलं दिसत नाही.
कडा दिसतात. पुलाची, आकाशाची, माझ्या टोपीची.
बघेल तिथे नेमका राखाडी डाग.
बायकोचे फक्त कान दिसतात, म्हणतो,
बरं झालं, कानातली मीच दिलेली आहेत.

चाकावरच त्याचं सगळं वाचन.
लोकरीच्या जाड मोज्यातून, अंगठ्याने.
आधी डावीकडे, अडेपर्यंत. मग
कट्, कट्, कट्, कट्.
चार म्हणजे बर्फावरचं ऊन.
सहा म्हणजे ढग.
नऊ म्हणजे जहाज अजून अंधारात आहे, नुसते दिवे.
आमच्याकडे याला कटकट म्हणतात,
मी एकदा सांगितलं होतं त्याला,
नकोशा आवाजाला, सारख्या कुरकुरीला.
शब्द त्याने ठेवून घेतला.
कतकत म्हणतो. फिन्निश जिभेला ट झेपत नाही.

दुकानात नवं मॉडेल हातात घेतलं होतं त्याने.
काचेवरून अंगठा घसरला, तीनदा.
"यात कतकत नाही."
आणि पोराकडे परत दिलं, जपून,
दुसऱ्याचं तान्हं मूल परत द्यावं तसं.
जुन्याचे सुटे भाग मार्चपासून बंद.
पडदा कुरकुरतो. किती दिवस काढेल
तो आणि मी विचारत नाही एकमेकांना.

पूल वर जायला लागला.
एक लांब भोंगा, दोन आखूड.
मग जहाजाचं उत्तर, छातीच्या पिंजऱ्यात वाजणारं,
आणि धुक्यातून काळी भिंत सरकत आली,
नाकावर बर्फाची दाढी.

आता सांगतो.
माझ्या कोटाखाली नवंच आहे.
नाताळात सूट होती.
मार्लिसच्या शापाला मीही हो म्हटलं होतं,
जरा मोठ्यानेच.

मोजा दातांनी ओढून काढला.
काचेला माझं बोट बोट वाटेना.
पुसली, श्वास सोडला, त्याचंही बर्फ झालं.
शेजारी आर्वो, अंगठ्याने,
सावकाश, एकेक,
नऊपर्यंत.

जहाज निघून गेलं. पूल खाली आला.
मार्लिस थर्मासचं झाकण शोधत होती.
आर्वो माझ्याकडे वळला,
म्हणजे माझ्या टोपीच्या कडेकडे.
"तुझी कतकत ऐकू नाही आली."
गोठलं, म्हटलं.
"हं," म्हणाला तो, "थंडी आहे खरी,"
आणि त्याच्या उजव्या हातातला मोजा काढून
माझ्या उघड्या हातावर ठेवला.