प्राणी, वनस्पती की दगड

मी गाठी मारते. एवढंच माझं काम.
वासिनी बेटावरच्या आम्ही अकरा बाया,
ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून
बोटभर पोवळ्याचे तुकडे दोरीला बांधतो.
अंगठीत बसवतात ते पोवळं नव्हे.
हे जिवंत असतं, तपकिरी, ओबडधोबड,
दृष्ट लागावी असं काही नाही त्यात.

दोन वर्षांमागं ते तिघं माझ्या ओट्यावर बसले होते:
कोमोरोसहून सोइलिही, मादागास्करची हानित्रा
आणि आमची झुहुरा, बकारी नाखव्याची धाकटी,
जिला पोहायला मी शिकवलं.
सोइलिही फ्रेंचमध्ये अडायचा, हानित्रा हसून मान हलवायची,
पोवळ्याचं लॅटिन नाव तिघंही घेत
आणि ऐकणाऱ्याला तीन वेगळी पोवळी वाटत.
शेवटी झुहुरानं परातीत समुद्राचं पाणी आणून
मधोमध तुकडा ठेवला,
तेव्हा कुठं बोलणं पुढं सरकलं.

ठरलं ते असं: प्रत्येकानं थोडं आपलं
दुसऱ्याच्या पाण्यात ठेवायचं.
मला लगेच कळलं. विरजण आहे हे.
शेजारणीला चमचाभर दिलेलं असलं
की आपलं भांडं नासलेल्या दिवशी
वाटी घेऊन जायला एक दार असतं.
सोइलिहीनं ते वहीत लिहून घेतलं.
अहवालात त्याचं काय झालं कोण जाणे.

आमचे सात तुकडे निघाले.
विमानतळावर अधिकाऱ्यानं फॉर्म पुढं केला:
प्राणी, वनस्पती की दगड? एकच खूण करा.
झुहुरा म्हणाली, प्राणी आहे, पण अंगात वनस्पती पाळतो,
आणि घर बांधतो ते दगडाचं.
तो म्हणाला, चौकोन एकच भरायचा असतो, बाई.
सहा तास.
पेटीतलं पाणी कोमट होईपर्यंत.

यंदा मार्चमध्ये पहिला फोटो हानित्राचा आला.
पांढरं.
खाली एक शब्द नाही.
मग आमच्याकडं.
दोनशे बारा गाठी मी मोजून मारल्या होत्या,
दोनशे बारा मोजून सोडल्या.
झुहुरा होडीत बसून राहिली, पाणचष्मा कपाळावर,
मी खोबऱ्याची वडी दिली ती हातातच विरघळली.
बकारी म्हणाला, माझ्या बापाच्या वेळीही पाणी तापायचं.
मग बराच वेळ सुकाणूकडं बघत राहिला.
एवढं नाही, म्हणाला.

मे संपता संपता निरोप आला:
तुमचे सात अजून तपकिरी आहेत.
अकरा मीटर खाली, कड्याच्या सावलीत टांगले होते.
वरचे माझे सगळे गेले.

ही शेवटची ओळ झुहुरानं दोनदा वाचली.
आपले सावलीत ठेवायचे सोडून
यानं आमचे ठेवले.
असं का, हे आम्ही त्याला अजून विचारलेलं नाही.

ऑगस्टच्या गार वाऱ्यात तो एकोणीस घेऊन आला,
सातांचे वाढवून, कापून केलेले.
तोच अधिकारी, तोच फॉर्म.
या खेपेला त्यानं पेटीत वाकून पाहिलं
आणि 'प्राणी'वर स्वतःच खूण केली.
तरी चार तास लागलेच.

हानित्राही आली होती, रिकाम्या हातांनी.
दिवसभर माझ्या शेजारी पाण्यात उभी राहून गाठी मारत होती,
चुकीच्या, पुन्हा सोडवाव्या लागणाऱ्या.
मी म्हटलं, चार घेऊन जा.
नको, म्हणाली, आमचं पाणी अजून भरवशाचं नाही.

एकोणिसांपैकी दोन आठवड्यात मेले.
उरलेल्यांतल्या चारांना मी पांढऱ्याऐवजी
लाल दोरा बांधलाय.
झुहुरा विचारते, हे कसलं चिन्ह? नोंदीत काय लिहू?
लिही, म्हटलं, ठेवलेले.
कुणाचे ते दोऱ्याला माहीत आहे.