पिवळी दोरी

वेर्ण्याच्या पठारावर, शेड नंबर तीनमध्ये
आम्ही गाड्यांचे दरवाजे करतो.
फक्त दरवाजे. गाडी पुरी होते दुसरीकडे कुठे तरी.
आम्हाला ती भेटते थेट रस्त्यावर,
बोरीच्या पुलावर, कंपनीच्या बसच्या खिडकीतून,
आणि कुणी तरी झोपेतच म्हणतं,
हा आपला. डावा, मागचा.

लाईनच्या डोक्यावरून एक दोरी जाते.
काही चुकतंय असं वाटलं तर ओढायची.
ओढली की दिवा लागतो, धून वाजते,
सगळं जागच्या जागी थांबतं.
प्रशिक्षणात हे मीच सांगितलं होतं,
पडद्यावर एक हसरा चेहरा दाखवून:
कुणीही ओढू शकतो.

पहिले सात महिने
कुणीही ओढली नाही.

थांबे शून्य, मी तक्त्यात लिहायचो.
शून्य दिसायला सुबक. वरच्यांना आवडायचं.
दोरी मडगावच्या दुकानातून आणली तशीच,
हळदीसारखी पिवळी,
एका बोटाचाही डाग नाही.

मग एक्केचाळीस दरवाजे परत आले.
काचेखालून पाणी झिरपत होतं.
मी गेज घेऊन रात्री नऊपर्यंत बसलो:
कोपऱ्यावरची रबरी पट्टी
अर्धा मिलिमीटर पातळ.

दुसऱ्या दिवशी चहाला सहज बोललो.
खुशाली वेळीप पाव बुडवता बुडवता थांबली.
"खबर आशिल्लें," म्हणाली, "पूण विचारलें कोणें?"
नव्या लॉटची पट्टी म्हणे बोटाखाली
वाफवलेल्या भेंडीसारखी सरकते.
टार्सिसियोला आवाजावरूनच कळलेलं:
दरवाजा लागताना 'धप्प' यायला हवं,
येत होतं 'थाप'.
तो रविवारी इगर्जीत व्हायोलिन वाजवतो
आणि सोमवारपासून गप्प असतो.
पॅकिंगवरच्या पोराने तर तारीख सांगितली,
लॉट कधी बदलला त्याची.

मी लिहून घेत होतो.
लिहिता लिहिता माझं अक्षर बारीक होत गेलं.

"मग दोरी?"
टार्सिसियोने कप पालथा घातला.
"सायबा, कंत्राटी माणूस दोरी ओढतो तेव्हा
तिच्या दुसऱ्या टोकाला काय बांधलेलं असतं?"

हे वाक्य मी अहवालात घातलं नाही.
घातलं असतं, तर कुठल्या रकान्यात?

मी एवढंच मागितलं:
ओढणाऱ्याचं नाव लिहायचं नाही,
'का ओढली' विचारायचं नाही,
'काय दिसलं' विचारायचं.
एवढ्याला पाच आठवडे लागले,
कारण लाईनचं एक मिनिट
माझ्या पगारापेक्षा महाग आहे.

बुधवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी
ती धून पहिल्यांदा वाजली.
मी धावलो. खुशाली टाचा उंचावून उभी,
दोरी अजून मुठीत,
सोडली तर काही तरी कोसळेल अशी.
पट्टी मोजली. पुन्हा मोजली.
पट्टी बरोबर होती.

चार मिनिटं गेली होती.
साठ माणसं दरवाज्याकडे नाही,
माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "देव बरें करूं."
घसा कोरडा पडलेला; दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणालो.

गुरुवारी टार्सिसियोने दोनदा ओढली.
एकदा तो चुकला होता.

आता दोरी तीन जागी काळी आहे.
खुशालीच्या जागी खाली सुतळी बांधलीय, तिने स्वतःच,
हात पुरत नाही म्हणून.
परवा तपासणीला आलेल्याने शेरा मारला:
दोरी मळकी. ताबडतोब बदलावी.

उत्तराच्या रकान्यात मी अजून काही लिहिलेलं नाही.
महिन्याचे थांबे तेवीस,
त्यांचाही खुलासा द्यायचाय.
लिहायला बसलो की
ती धून वाजते,
आणि मला उठावं लागतं.